सेल्फ, चोक आणि मिस्त्री

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ज्यांचं बालपण शहरात गेलं, त्यांच्या कानात एक आवाज अजून असेल. डिसेंबरातली सकाळ. सोसायटीच्या आवारात उभी असलेली एकुलती एक मोटार आणि सेल्फ मारणारे तिचे मालक. घर्रर्र... घर्रर्र... प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली उतरतो. मग गॅलरीतून सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, "काका, चोक ओढा." दुसरा म्हणतो, "चोक नको, ओव्हर होईल." तिसऱ्याचं मत पॉइंट घासावेत असं. शेवटी चार पोरं गोळा होतात, मालक दुसरा गिअर टाकून बसतात आणि धक्का मारत मारत गाडी फाटकाबाहेर जाते. तिथे ती चालू झाली तर ठीक, नाही तर कोणी तरी सायकल काढून मिस्त्रीला बोलवायला जातो.

हे दृश्य आता जवळजवळ इतिहासजमा झालं आहे. आजची गाडी किल्ली फिरवली किंवा बटण दाबलं की चालू होते, आणि नाहीच झाली तर आपण फोन करतो. बॉनेट उघडून बघावं असं फारसं कोणाच्या मनात येत नाही. उघडलं तरी वर प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. म्हणूनच 'गाडी सुरू का होत नाही?' या जुन्या प्रश्नाचा थोडा इतिहास आज तुमच्यापुढे ठेवावा असं वाटतं. मोटार जितकी जुनी, तितकाच हा प्रश्नही जुना आहे.

मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. पण ती विकत घ्यायला लोक धजत नव्हते. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभरएक किलोमीटरवरच्या आपल्या माहेरच्या गावी गाडी नेली. वाटेत पेट्रोल पंप असण्याचा प्रश्नच नव्हता. व्हीसलोख या गावात त्यांनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचा डाग काढण्याचा द्रव घेतला आणि इंधन म्हणून तो टाकीत ओतला. गाडी वाटेत दोनदा अडली, असं सांगितलं जातं. एकदा इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीला लावायच्या लांब पिनेने साफ केली. एकदा ठिणगी देणाऱ्या तारेचं आवरण झिजलं, तिथे त्यांनी मोज्याचा पट्टा गुंडाळला.

या दोन दुरुस्त्या नीट बघा. एक इंधनाची, दुसरी ठिणगीची. पुढची शंभर वर्षं जगातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये, प्रत्येक रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या गाडीला हेच दोन प्रश्न विचारले गेले : पेट्रोल येतंय का? आग येतेय का? आपल्याकडचे मिस्त्री ठिणगीला 'करंट' म्हणत, पण प्रश्न तोच.

बेंझ यांच्या त्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळली जाई. हे काम कसंबसं चाले. १८९३ मध्ये हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी वेगवेगळं काम करून एक नवी युक्ती शोधली. तोंडाने फुंकायच्या अत्तराच्या फवाऱ्यात जे घडतं, तेच त्यांनी इंजिनात घडवलं. इंजिन हवा आत ओढतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून गेली की तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या गळ्यात बारीक भोक असलेली नळी ठेवली, की कमी दाबामुळे तिच्यातून पेट्रोल आपोआप वर येऊन हवेत उडतं. ही बारीक भोकाची पितळी नळी म्हणजे जेट आणि हे सगळं यंत्र म्हणजे कार्बोरेटर. त्याला लागून एक छोटी वाटी असते. तिच्यात तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी कायम ठेवतो, आपल्या संडासाच्या टाकीतला गोळा पाण्याची ठेवतो तशीच.

यात वीज नाही, संगणक नाही. नुसत्या हवेच्या ओढीवर एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा, असं मिश्रण तयार होतं. पण या साध्या यंत्राला एक मोठी उणीव होती. बाहेर थंडी आहे की ऊन, इंजिन गार आहे की तापलेलं, हे त्याला कळत नसे. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते नळीच्या भिंतींना चिकटून राहतं. शिवाय सेल्फ मारताना इंजिन हळू फिरतं, त्यामुळे हवेची ओढही कमी. म्हणून मग डॅशबोर्डवर चोकची कळ आली. ती ओढली की हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. किती ओढायची, किती वेळ ठेवायची, कधी आत ढकलायची, हे मात्र चालवणाऱ्याने ठरवायचं. आजच्या गाडीत जे काम तापमान मोजणारा सेन्सर करतो, ते तेव्हा माणसाचा हात आणि कान करत. माणूस त्या यंत्राचाच एक भाग होता.

इंधनाची ही गोष्ट झाली. ठिणगीची गोष्ट एका अमेरिकी माणसाभोवती फिरते. त्याचं नाव चार्ल्स केटरिंग. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची जी पद्धत पुढे जगभर रूढ झाली, ती त्याने १९१० च्या कॅडिलॅक गाडीसाठी तयार केली. पॉइंट उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. त्याच केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ-स्टार्टर बसवला. त्याआधी पुढे उभं राहून हँडल मारावं लागे. ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलटं फिरे, आणि त्यात अनेकांची मनगटं मोडत. सेल्फ आला आणि मोटार चालवायला दांडगी ताकद लागेनाशी झाली. या केटरिंगचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहनं बाहेर पडली, ती अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या बनावटीची होती. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० इथे तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिचं 'डिलाइट' हे रूप आलं. तिलाच १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणू लागले. नाव बदललं तरी मुंबईकर शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. तिकडे कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर आणि मद्रासला स्टँडर्डच्या गाड्या तयार होत. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. भारतात गाडीचे भाग तयार करण्याचा आराखडा ज्यांच्याकडे नाही, त्यांनी नुसती जुळणी करू नये, असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपली इथली जुळणी गुंडाळली.

याचा परिणाम असा झाला, की जवळजवळ तीस वर्षं आपल्या रस्त्यांवर मोजून तीन-चार प्रकारच्या मोटारी राहिल्या. नवी गाडी हवी तर वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचं. घेतलेली गाडी पंधरा-वीस वर्षं वापरायची आणि मग ती दुसऱ्याला, तिसऱ्याला विकली जायची. या टंचाईची एक अनपेक्षित बाजू होती. सगळ्यांकडे त्याच गाड्या असल्यामुळे त्यांचं दुखणंखुपणं सगळ्यांना ठाऊक झालं. फियाटचे पॉइंट किती अंतरावर ठेवायचे, हे कुर्ल्याच्या मिस्त्रीला जसं माहीत तसंच कराडच्या मिस्त्रीलाही. ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन हा तर शाळेतल्या पाढ्यासारखा पाठ. नवा भाग मिळाला नाही तर मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार होताच. पुस्तक कोणी उघडत नसे. पुस्तक इंग्रजीत, आणि ते वाचता येणारा माणूस हात काळे करायला तयार नसे. सगळी विद्या तोंडी, उस्तादाकडून पोऱ्याकडे गेलेली.

आमच्या घरी एक जुनी गाडी होती. ती अडली की जे मिस्त्रीकाका येत, ते आल्याआल्या कधीच पाना काढत नसत. वडील घाईने काही सांगू लागले की ते म्हणत, "साहेब, एकदा सेल्फ मारा फक्त." आणि डोळे मिटून ऐकत. मग मला सांगत, "बाळ, आधी गाडीला विचारायचं. ती खोटं बोलत नाही." त्यांची विचारण्याची पद्धत ठरलेली होती. ती आठवते तशी सांगतो.

पहिला प्रश्न बॅटरीला. सेल्फ नुसताच 'टक्' म्हणतो आणि दिवे मंदावतात? मग बॅटरी उतरली आहे, किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली आहे. भुकटीवर गरम पाणी टाकायचं, टर्मिनल घासून घट्ट करायचं. निम्म्या वेळा काम इथेच होई.

सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही? मग दुसरा प्रश्न नाकाने. पेट्रोलचा भपकारा येतोय का? येत असेल तर गाडी ओव्हर झाली. उतावीळपणे पुन्हा पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की कार्बोरेटरचा छोटा पंप दर वेळी पेट्रोलची पिचकारी मारतो आणि प्लग भिजतात. अशा वेळी चोक पूर्ण आत ढकलायचा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा. हवेची वाट पूर्ण उघडते आणि जास्तीचं पेट्रोल निघून जातं. नाहीच जमलं तर प्लग काढून पुसायचे.

वास येत नसेल तर तिसरा प्रश्न पेट्रोलला. कार्बोरेटरची नळी सोडवायची, पेट्रोल पंपाचा हाताने चालणारा दांडा दाबायचा आणि धार येते का बघायचं. धार नाही, तर टाकी, नळी किंवा पंपाचा पडदा. धार आहे, तर 'कचरा आला' असणार. टाकीतला गंज, धूळ, पाण्याचा थेंब, काहीही जेटच्या त्या बारीक भोकात अडकतं. इथे चांगला मिस्त्री आणि कच्चा मिस्त्री यांतला फरक कळे. कच्चा मिस्त्री भोकात तार घाली. पितळ मऊ असतं, भोक रुंदावतं, आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. आमचे मिस्त्रीकाका जेट काढून तोंडाने फुंकत आणि उजेडाकडे धरून बघत.

पेट्रोलही ठीक असेल तर चौथा प्रश्न ठिणगीला. प्लग काढून, वायर लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. मात्र त्याआधी सांडलेलं पेट्रोल पुसून घ्यायचं. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर उत्तम. पिवळट, मरगळलेली आली तर पॉइंट काळे पडलेत किंवा कंडेन्सर गेला. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासायचे आणि पुन्हा अंतर बसवायचं, अर्ध्या मिलिमीटरहून थोडंसं कमी. पावसाळ्यात मात्र ते आधी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसत. मुंबईच्या पावसात बंद पडलेल्या कितीतरी गाड्या नुसत्या या पुसण्याने चालू झाल्या आहेत.

उन्हाळ्यातलं दुखणं वेगळं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खंडाळ्याचा घाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या अनेकांना आठवत असतील. चढावर तापलेलं इंजिन बंद केलं, की त्याच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला, वाफ त्याला ढकलता येत नाही. यावरचा उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं. सकाळी थंडीमुळे पेट्रोल कमी पडून अडणारी गाडी दुपारी उष्णतेमुळे अडे. दोन्ही वेळी चूक तिची नसे. तिला हवामान कळत नव्हतं, आणि ते आपण तिला सांगायचं असतं.

हे सगळं सांगताना मन त्या काळात रमतं, हे खरं. पण इतिहास सांगायचा तर त्या विद्येची किंमतही सांगितली पाहिजे. आता पुन्हा केटरिंग. तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख असताना, त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजली याने १९२१ मध्ये शोधून काढलं, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग मिसळलं तर इंजिनातली खटखट थांबते. शिसं विषारी आहे, हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे रसायन तयार करणारे कामगार मरण पावले. तरीही ते जगभर पसरलं. श्वासातून जातं आणि कातडीतूनही शरीरात शिरतं, असं हे रसायन. आणि आपले मिस्त्री त्याच पेट्रोलमध्ये हात धूत, कार्बोरेटरचे भाग त्यातच बुडवत, टाकीतलं पेट्रोल काढायला रबरी नळी तोंडाने ओढत. मिस्त्रीकाका पेट्रोल तोंडात आलं की थुंकत आणि वर चहा मागत. मी एकदा विचारलं, "काका, कसं लागतं?" ते हसले आणि म्हणाले, "आता चवच कळत नाही." या माणसांच्या रक्तात किती शिसं साठलं, याची मोजदाद त्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये कोणी ठेवली नाही.

कार्बोरेटर गेला तो याच हवेच्या प्रश्नामुळे. सकाळी गाडी चालू होत नाही, ही तक्रार लोकांनी सत्तर-ऐंशी वर्षं सोसलीच होती. पण धूर साफ करायचा तर धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा. शिशाने तो निकामी होतो, म्हणून शिसं काढणं आलं. आणि त्याचं काम नीट चालायला पेट्रोल-हवेचं प्रमाण क्षणोक्षणी अचूक हवं. ते नुसत्या हवेच्या ओढीवर चालणाऱ्या यंत्राला जमत नाही. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली होती. १९७६ मध्ये धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला आणि कार्बोरेटरचे दिवस भरत आले.

आपल्याकडे १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० सुद्धा सुरुवातीला कार्बोरेटरवरच चाले. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आले. फेब्रुवारी २००० पासून देशभरातून शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि त्याच वर्षी धुराचे नवे, कडक निकष लागू झाले. मोटारींसाठीचं जगातलं शेवटचं शिशाचं पेट्रोल अल्जीरियात २०२१ मध्ये संपलं. म्हणजे मिजलीच्या शोधाला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर! पद्मिनीचं उत्पादन शतक बदलताना थांबलं, अँबेसेडरचं २०१४ मध्ये. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. २०२० मध्ये बीएस-सहा निकष आले आणि नव्या मोटरसायकलींमधूनही कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला.

जे झालं ते चांगलंच झालं. आपल्या नातवंडांच्या श्वासात गाड्यांच्या धुरातलं शिसं जात नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. आजचा तरुण मेकॅनिक गाडीला स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर आलेला क्रमांक वाचतो, तोही हुशारच असतो. पण गाडी नवी असो की जुनी, इंजिनाला लागतात त्याच गोष्टी : पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडलेली ठिणगी. त्यांची क्रमाने चौकशी करणं, एक शक्यता पूर्ण निकालात निघाल्याशिवाय दुसरीकडे न जाणं, ही पद्धत आमच्या पिढीला प्रयोगशाळेत कोणी शिकवली नाही. ती आम्ही आवारात, उघड्या बॉनेटशेजारी उभं राहून, टॉर्च धरण्याचं काम करता करता शिकलो. ज्यांनी शिकवली त्यांना आपण मिस्त्री म्हटलं, पैसे देताना घासाघीस केली, आणि त्यांचं म्हणणं कधी लिहून ठेवलं नाही.

तुमच्या गल्लीत असा एखादा जुना मिस्त्री अजून असेल. आता बहुधा मुलाच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून असतो. त्याच्याकडे एकदा जा, चहा सांगा आणि विचारा, सेल्फ फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर तुम्ही आधी काय बघत होतात? आणि जाताना वही-पेन्सिल बरोबर न्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)